पाचवी ‘ब’चा ब्लॉग आणि तालमीचा फळा

शिवाजी पेठ, कोल्हापूर
ऑगस्ट २००८

तीर्थरूप दाजींच्या चरणी राजमतीचा, स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीवर राहून लिहिलेला, साष्टांग नमस्कार. जय जिनेंद्र.

पत्रास कारण की, मी जिवंत आहे. आक्काने जयसिंगपूरला परत आल्यावर तुम्हाला हे सांगितलं असेलच, पण ती सांगताना निम्मं रडत आणि निम्मं मला शिव्या देत असणार, त्यातून तुम्हाला नक्की काय कळलं कोण जाणे, म्हणून लेखी कळवते. तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता का? डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलंय ते केलंत का? (केलं नसेलच. शेजारच्यांकडे जाऊन गुळाचा चहा पिता, असं आक्का सांगत होती.) गुडघ्यामुळे तुम्हाला त्या दिवशी एस.टी. चढता आली नाही, हे एका परीने बरंच झालं. नाहीतर आक्काबरोबर तुम्हीही मला शोधत पंचगंगेवर गेला असतात.

जिनपालने, म्हणजे माझ्या हार्डवेअरवाल्या मावसभावाने, फोनवर तुम्हाला जे सांगितलं त्यात एकच गोष्ट खरी होती, ती म्हणजे माझं नाव. गाडीवरून जाता जाता त्याने मंगळवार पेठेतल्या चौकातला फळा वाचला आणि तो हादरला. बरं, हादरला तर आमच्या घरी फोन करावा की नाही? पण ज्या घरात मयत झालीय त्या घरी कसं विचारायचं, म्हणून त्याने तुमच्याकडे फोन केला. (हा मुलगा लहानपणापासून असाच आहे.) आक्का मिळेल त्या एस.टी.ने निघाली. इकडे मी शाळेत, आमचे हे दुकानात, माझा मोबाईल सभेसाठी बंद केलेला, आणि शेजारच्या धोंडुबाई नेमक्या बाजाराला गेलेल्या. दाराला कुलूप बघून आक्काला वाटलं की सगळे घाटावर गेले. तिने स्टँडवरून आणलेली रिक्षा तशीच पंचगंगेला वळवली. तिथे कुणाचं तरी रक्षाविसर्जन चाललंच होतं. ही जाऊन गर्दीत उभी राहिली आणि मनसोक्त रडली. त्या बिचाऱ्यांनी तिला पाणी दिलं, सावलीत बसवलं, आणि मग हळूच, तुमचे कोण लागत होते, असं विचारलं. ही म्हणाली, धाकटी बहीण. गेलेले ऐंशी वर्षांचे पैलवान होते.

घरी परत आली तेव्हा मी दाराचं कुलूप काढत होते. मला बघून ती पायरीवरच बसली, मोठ्याने रडली, मग उठून पाठीत एक धपाटा घातला (अजून दुखतंय) आणि चहा टाक म्हणाली. तर दाजी, एका जिवंत बाईवर ही वेळ कशी आली, ते आता सुरुवातीपासून सांगते. सगळं झालं ते ब्लॉगमुळे.

ब्लॉग म्हणजे कॉम्प्युटरवरची वही. आपण काहीही लिहायचं आणि जगात कुणीही ते वाचायचं, आणि वाचून खाली आपलं मत द्यायचं. आमचे हेडसर प्रसेनजीत कांबळे हे जूनमध्ये पुण्याच्या कार्यशाळेतून घेऊन आले. माणूस सोन्यासारखा, पण कार्यशाळेतून रिकाम्या हाताने येत नाहीत ही एक खोड. मागे असंच गांडूळखत आणलं होतं. (गांडुळं अजून स्टाफरूमच्या मागे आहेत आणि आम्हा सगळ्यांपेक्षा सुखात आहेत.) शाळा आणि पालक यांच्यात दरी पडलीय, डायरीतल्या चिठ्ठ्या घरापर्यंत पोचत नाहीत, पालकसभेला खुर्च्या रिकाम्या राहतात, तेव्हा आता ब्लॉगवरून संवाद साधायचा, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. सगळा स्टाफ माना डोलावत बसला. मला मात्र दुर्बुद्धी सुचली आणि मी विचारलं की, सर, ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही त्यांनी काय करायचं? हेडसरांचा चेहरा उजळला. इतका खोल विचार करणारंच माणूस मला हवं होतं म्हणाले, आणि ब्लॉग माझ्या गळ्यात पडला. आमच्या शाळेत शंका विचारणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. माना डोलावणारे सगळे सुटले.

मी नाही म्हणू शकले असते, मला तोंड नाही असं तुम्हीही म्हणणार नाही. पण माझ्या वर्गात प्रीती नावाची मुलगी आहे, तिच्यासाठी गप्प बसले. पोरगी पहिल्या बाकावर बसते तरी फळ्यावरचं उतरवताना शेजारणीच्या वहीत बघते. इंग्रजी आकड्यांत आठाचे तीन करते. तोंडी विचारलं तर पाढे घडाघडा म्हणते आणि लेखी परीक्षेत भोपळा. हिला चष्मा लागलाय हे कुणीही सांगेल, पण तिच्या आईला सांगणार कोण? आई चिमणाबाई मार्केट यार्डात गुळाच्या अडतीत कामाला. शाळा उघडायच्या आधी जाते आणि शाळा सुटल्यावर कधीतरी येते. वडील बिद्रीकडे साखर कारखान्यावर. डायरीत लिहिलं, शेजारच्या पोरांकडून निरोप धाडला, दोनदा घरी गेले तर कुलूप, रविवारी गेले तर बाई धुण्याला गेलेली. आणि वर कानावर आलं की, पोरीच्या डोक्यात काही शिरत नाही तर दिवाळीनंतर शाळेतून काढून बिद्रीला आत्याकडे ठेवायची, गुरं तरी राखेल, असं तिनं ठरवलंय. दाजी, माझ्या वर्गातली सर्वांत हुशार पोर. मला रात्रीची झोप येईना. म्हटलं, कबुतराच्या पायाला चिठ्ठी बांधायची वेळ आली तरी बांधीन, हा तर ब्लॉग आहे.

आमच्या शाळेचा कॉम्प्युटर तुम्ही बघितलेला नाही. तो कुलपात असतो, त्याला झालरीचं कव्हर आहे, त्याच्या खोलीत चपला काढून जायचं आणि दसऱ्याला त्याच्यावर हळदकुंकू. त्यावर मराठी टाइप करायला बसले तेव्हा ‘सूचना’ हा शब्द उमटेपर्यंत मधली सुट्टी संपली. पण मी चिकाटी सोडली नाही. महिनाभरात ब्लॉग सजला आणि त्याला प्रतिसादही आले. पहिला आला इंग्रजीतून, तुमचा ब्लॉग छान आहे, आमची वजन कमी करायची गोळी घेऊन बघा. (हेडसरांनी तो परदेशातून आलेला अभिप्राय म्हणून प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवला, गोळीचा भाग गाळून.) दुसऱ्यात कुणीतरी शिवाजी पेठेच्या फुटबॉल संघाला उद्देशून असं काही लिहिलं होतं की ते मला खोडरबरानेही पुसता येईना. आणि पालकांपैकी फक्त एकांचा प्रतिसाद आला, ऐश्वर्याच्या वडिलांचा. त्यांच्या घरी इंटरनेट आहे. त्यांचं घर शाळेच्या फाटकासमोर आहे. त्यांना काही सांगायचं तर मी खिडकीतून हाक मारते.

इथे हंबीरराव आले. तुम्हाला मंगळवार पेठ नवी नाही, बोर्डिंगात राहून शिकताना तुम्ही तिथल्या तालमीच्या संघाचे गोलकीपर होता आणि अजूनही जुने लोक तुमची आठवण काढतात. (तुम्ही सोडलेल्या गोलांचीच जास्त काढतात, पण असो.) त्याच तालमीच्या खालच्या गाळ्यात आता हंबीररावांचं सायबर कॅफे आहे आणि तालमीचे अध्यक्षही तेच. हेडसरांनी पोरांकरवी घरोघर सांगितलं की ब्लॉग बघा. लोक बघायला हंबीररावांकडे जायला लागले. म्हणजे बघायचं हंबीररावांनीच, वाचून दाखवायचं हंबीररावांनीच, आणि समजावूनही त्यांनीच सांगायचं. चार दिवसांत त्यांचा घसा बसला. मग त्यांनी खडू घेतला आणि माझा ब्लॉग चौकातल्या तालमीच्या फळ्यावर उतरवून काढला.

उतरवला तर जसाच्या तसा उतरवावा. पण ते स्वतःला लेखक समजतात. मी लिहिलं होतं, मुलांना डब्यात पोळीभाजी द्यावी, चटकदार पदार्थ टाळावेत. फळ्यावर आलं, डब्यात भडंग सापडल्यास बाई जप्त करतील. (दुसऱ्या दिवशी एका पोराने स्वतःहून भडंगाची पुडी माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाला, बाई, खावा.) मी लिहिलं, पालकांनी पाल्याच्या अभ्यासाकडे लक्ष द्यावे. फळ्यावर आलं, सासवा-सुनांच्या मालिका बंद करा, पोरं वाया चालल्यात. त्यावर बायका चिडल्या आणि त्यांनी खाली खडूनेच उत्तरं लिहिली. मग सगळेच लिहायला लागले. पृथ्वीराजच्या आईने, मीनाबाईने, लिहिलं की म्हैस व्यालीय, पोरगा दोन दिवस येणार न्हाई. कुणी विचारलं गणवेश कुठल्या दुकानात मिळतो. कुणी लिहिलं, बाई लई मारकुट्या हायत. हेडसरांना हे कळलं तेव्हा ते आनंदाने खुर्चीतून उठले. हाच संवाद, म्हणाले, हे सगळं ब्लॉगवर आलं पाहिजे. म्हणजे मी दुपारी कॉम्प्युटरवर लिहायचं, ते संध्याकाळी हंबीररावांनी फळ्यावर लिहायचं, आणि लोकांनी फळ्यावर लिहिलेलं मी घरी जाताना चौकात छत्री धरून कागदावर उतरवायचं, की पुन्हा दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर. विहिरीतलं पाणी काढून परत विहिरीतच ओतायचा हा उद्योग, आणि त्याला पगार तोच.

प्रीतीच्या आईने शाळेत येऊन भेटावे, असंही मी लिहिलं. ते हंबीररावांनी रंगीत खडूने लिहिलं. चिमणाबाईला वाचता येत नाही. वाचून सांगणारीने तिला सांगितलं की तुझ्या पोरीचं नाव तांबड्या अक्षरात लागलंय, काहीतरी भानगड केली असणार. झालं, त्या दिवसापासून चिमणाबाई शाळेची गल्ली सोडून लांबच्या रस्त्याने यार्डात जायला लागली.

आता मुख्य प्रकरण. तालमीच्या त्या फळ्यावर वर तालमीचं नाव तैलरंगात आहे आणि सर्वांत खाली, तसंच तैलरंगात, रक्षाविसर्जन असं कायमचं रंगवलेलं आहे. कारण उघड आहे. पेठेत फळ्याचं मुख्य काम तेच. वर गेलेल्याचं नाव, वार, वेळ एवढं खडूने भरलं की झालं, सारखं सारखं एवढा लांब शब्द कोण लिहिणार? शाळेचा मजकूर लिहायचा असला की हंबीरराव त्या शब्दावर जुन्या कॅलेंडरचं पान उलटं चिकटवायचे आणि त्या पानावर स्केचपेनने मथळा घालायचे. आमच्या पालकसभेचंही त्यांनी तसंच केलं. वर खडूने माझं नाव, वर्गशिक्षिका, पाचवी ब. त्याखाली शनिवार, सकाळी नऊ, शाळेचे सभागृह, सर्वांनी वेळेवर यावे. आणि खाली कॅलेंडरच्या पानावर पालकसभा. शुक्रवारी संध्याकाळी सपाट्याने पाऊस आला. फळ्यावर वर पत्रा आहे, म्हणून माझं नाव शाबूत राहिलं. खालचं पान मात्र गळून गटारीत गेलं, पालकसभेसकट.

शाळेच्या सभागृहात रक्षा कशी विसर्जन करतात, हा प्रश्न अख्ख्या मंगळवार पेठेत एकाही माणसाला पडला नाही. (पुढे विचारलं तर म्हणाले, शिक्षकांचं तसंच असतं.) शनिवारी मी नेहमीप्रमाणे रिकाम्या खुर्च्यांपुढे करायचं भाषण मनात घोळवत आले, तर सभागृहाबाहेर ही एवढी चपलांची रास. आत पुरुष पांढऱ्या टोप्या घालून एका बाजूला, बायका डोक्यावर पदर घेऊन दुसऱ्या बाजूला, आणि सगळीकडे चिडीचूप. दारात हेडसर उभे. एकेक पालक त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन, मान खाली घालून पुढे जात होता आणि हेडसर प्रत्येकाला भरल्या गळ्याने सांगत होते की हे सगळं तुमच्यामुळेच घडलं, आणि यापुढे दर महिन्याला करायचा विचार आहे. लोक दचकून त्यांच्याकडे बघत होते, पण दुःखात माणूस काहीही बोलतो म्हणून गप्प बसत होते.

मी आत पाऊल टाकलं आणि पुढच्या रांगेतली मीनाबाई उठून उभीच राहिली. मग जो गोंधळ झाला तो लिहीत नाही. पण दाजी, मला एका गोष्टीचं फार वाईट वाटलं. मी जिवंत आहे हे कळल्यावर निम्म्या लोकांच्या तोंडावर आनंद नव्हता, वैताग होता. कामाला दांडी मारून आलो की, असं एकजण माझ्यादेखत म्हणाला. दुसऱ्याने आणलेला हार हातातच होता, त्याला काय करावं कळेना, शेवटी तो त्याने हेडसरांना घातला आणि हेडसरांनी वाकून स्वीकारला. लोक चपला शोधायला लागले तेव्हा माझं डोकं फिरलं. मी सभागृहाचं दार लावलं, आतून कडी घातली आणि सांगितलं, मेलेल्या बाईसाठी वेळ काढलात ना, मग आता जिवंत बाईचं ऐकून जायचं. सगळे मुकाट्याने बसले. दोन तास सभा घेतली. एकेकाला उभं करून त्याच्या पोराचं सांगितलं.

दाजी, तिथे शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून, हिरव्या लुगड्यातली एक बाई होती. सभा संपल्यावर ती थांबली. चिमणाबाईच ती. माझ्याकडे न बघता बोलली.

“बाई, जित्या हायसा, बरं झालं. सारखा सांगावा धाडत होतासा, एकदाबी आलो न्हाई. पोरीनं कायतरी केलं असंल, तुम्ही चारचौघांत बोलशीला, म्हणून त्वांड चुकवलं. काल कळालं तुम्ही गेलासा. म्हटलं, जितेपणी गेलो न्हाई, आता मातीला तरी जावं.”

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. मी रागातच सांगितलं की, तुमच्या पोरीच्या डोक्यात काही कमी नाही, तिला नीट दिसत नाही एवढंच. ती मानेना. लांबनं मी आलो की पळत येती, न्हाई कशी दिसत, असं म्हणत राहिली. प्रीती शेजारी उभी होती. तिनेच सांगितलं.

“तुझ्या हिरव्या लुगड्यावरनं वळखतो, आई. त्वांड दिसत न्हाई.”

चिमणाबाई त्या पोरीकडे वळली. मग खाली बसली आणि पदराने तिचं तोंड पुसायला लागली, जणू डोळ्यांवर काही बसलंय ते पुसून निघणार होतं.

असो. हे एवढं एक चांगलं सोडलं तर बाकी मला भोग आहेत. चौकातून जाते तर लोक थांबून बघतात. भाजीवाली म्हणते, आयुष्य वाढलं बघा बाई. हे तर घरात रोज सकाळी मला हात लावून बघतात आणि हसतात. तेव्हा, तुम्हाला हात जोडून एक विनंती. आमच्या संस्थेचे अध्यक्ष कृष्णातराव तुमचे वर्गमित्र. त्यांना एक शब्द टाका आणि हा ब्लॉग माझ्याकडून काढून चित्रकलेच्या सरांना द्यायला सांगा. आणि तालमीचा फळा तालमीला राहू दे, शाळेचं नाव त्याच्यावर नको, हेही कानावर घाला. मी फार कंटाळलेय. आक्काला नमस्कार, आणि धपाट्याची परतफेड होईल म्हणावं.

तुमची, देवाच्या दयेने अजून इथेच असलेली,
राजमती

ता. क. हे पत्र पर्समध्येच राहिलं. दरम्यान प्रीतीला चष्मा मिळाला. हेडसर स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. काल शाळा सुटल्यावर ती आईचा हात धरून चौकातून चालली होती, मी मागे होते. पोरीने रस्त्याच्या पलीकडून तालमीचा अख्खा फळा मोठमोठ्याने वाचला, अगदी खालच्या तैलरंगापर्यंत, आणि मागे वळून मला विचारलं की बाई, तुमचं अजून पुसलं न्हाई व्हय? बिद्रीचं नाव आता घरात निघत नाही म्हणे.

दुसरी ता. क. परवा पुन्हा पालकसभा घेतली. या वेळी हंबीररावांनी कॅलेंडरचं पान खळ लावून असं पक्कं बसवलं की वादळातही निघणार नाही. सभेला आले ऐश्वर्याचे वडील, आणि पहिल्या रांगेत चिमणाबाई. बाकी खुर्च्या. मीनाबाई बाजारात भेटली, तिला जाब विचारला, तर शांतपणे म्हणाली, “बाई, कोण गेलंच न्हाई, तर मग यायचं कशाला?” आणि दाजी, आठाचे तीन करणारी अजून दोघं-तिघं आहेत वर्गात, मी आता नीट बघितलंय.

शेवटची ता. क. तेव्हा कृष्णातरावांशी ब्लॉगविषयी काही बोलू नका, फळ्याविषयी तर अजिबात नको. त्याऐवजी पुढच्या शनिवारी सभेला प्रमुख पाहुणे म्हणून तुम्हीच या. पेठेत तुमच्याइतका ओळखीचा माणूस दुसरा नाही, आधी हेडसरांना विचारलं, तुमचं नाव फळ्यावर लावू का, तर ते नाही म्हणाले. खोटं काहीच लिहायचं नाही. वर तुमचं नाव, वार आणि वेळ, सगळं खरं. कॅलेंडरचं पान हंबीरराव या वेळी लावायला विसरणार आहेत, आणि खालचा शब्द तर आधीपासूनच रंगवलेला आहे, त्याला आपण काय करणार? आक्काला मात्र आधी सांगून ठेवा, आणि जिनपालचा फोन आला तर उचलू नका. गुडघा सांभाळून रिक्षाने या, पण लगेच खाली उतरू नका. मी दाराला कडी घालते, मग मागच्या दाराने आत या.